थांबण्याची खूण

पहिला ठोका पडला तेव्हा कीर्तनकार सत्यभामाबाईंचा उजवा हात हवेत होता. हिरण्यकशिपूची गदा उगारायची म्हणून त्यांनी तो डोक्यावर नेला होता, तबलजी पंजे रोखून बसला होता, पेटीचा एकच सूर मागे लांबत होता, आणि ‘बोल पोरा, या खांबात आहे का तुझा हरी?’ हे वाक्य शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायच्या आत मांडवाच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांनी दण् केलं. दण्, दण्, दण्, आणि मग एक लांब दणका, फासळ्यांत घुसून तिथेच बसणारा. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या गल्लीत वैशाखातली संध्याकाळ अजून विझली नव्हती. दिवसभर भाजलेल्या भिंती धग ओकत होत्या, पन्ह्याची पातेली ओल्या फडक्यांखाली झाकलेली होती, आणि दिवस नाही, रात्र नाही अशा नरसिंहाच्या जन्मवेळेची वाट बघत माणसं मांडीला मांडी लावून घामेजली होती. लोकांना आधी वाटलं, ही बाईंचीच योजना. ‘‘यंदा आवाजाची सोय केली वाटते,’’ बायकांतली एक म्हातारी म्हणाली, ‘‘मागच्या साली तं नुसतं टेबल वाजवलं होतं.’’ हसू पसरलं. पण बाईंनी स्वतःच हात खाली घेतला, भोंग्याकडे पाहिलं, आणि हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. दण्, दण्, आणि पुन्हा लांब. एक लहान मूल किंचाळलं. पुढच्या ओळीत झांजा घेऊन बसलेल्या नरहरीच्या हातांतल्या झांजा एकमेकींना चिकटून राहिल्या.

तीन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. डोक्याच्या आधी ते त्याच्या पाठीला कळलं. नेहमीच पाठीला आधी कळायचं. भारतातल्या प्रत्येक हौशी रेडिओवाल्याच्या नावाची सुरुवात मोर्सच्या त्या दोन अक्षरांनी होते, आणि पुढे जी अक्षरं आली ती त्याची एकट्याची होती. कुणीतरी त्याच्या नावाने जगाला हाक मारत होतं. मांडवाची वीज त्याच्याच घरातून ओढलेली, तार त्याच्याच गच्चीखालून गेलेली. वर गच्चीवरच्या खोलीतला रेडिओसंच बोलायला लागला की त्याचं बळ त्या तारेवरून उतरून भोंग्यांत शिरतं आणि ठोके होऊन बाहेर पडतं, हे त्याला माहीत होतं. गेल्या रामनवमीला ते शिरलं होतं. म्हणून तर त्याने चार माणसांत, बाईंच्या पायाला हात लावून शब्द दिला होता की कीर्तन उभं असेपर्यंत ठोके पाडायची माझी कळ हलणार नाही. आणि तो इथे बसला होता. त्याच्या हातात झांजा होत्या. मग कळेवर हात कुणाचा? तारेवर माणूस दिसत नाही, पण हात ओळखू येतो. चालीवरून अंधारात माणूस ओळखावा तसा. या हाताचा लांब ठोका जरा जास्तच रेंगाळत होता, जणू कळ सोडवत नव्हती. असा रेंगाळणारा हात नरहरीने आयुष्यात एकच ऐकला होता, आणि त्या हाताला त्याने स्वतः खारून नदीच्या घाटावर अग्नी दिला होता. नाना, तो मनात म्हणाला. नाना, इथे कशाला आले तुम्ही?

नाना, त्याचे वडील, गोंदियाला रेल्वेच्या तारघरात होते आणि नंतर बदलीवर रायपूरला आले. घरात त्यांच्यामागून एक लाकडी रूळ फिरायचा, वहीवर रेघा मारायचा, गोल, गुळगुळीत, हाताच्या तेलाने काळा झालेला. तारेची लिपी नरहरीने कागदावर कधी पाहिलीच नाही. आखूड ठोका मनगटावर, लांब ठोका पाठीवर. ‘‘कानाने नको ऐकू बे, कान खोटे बोलतेत,’’ नाना म्हणायचे, ‘‘पाठीने ऐक!’’ आणि रूळ उतरायचा. एक अक्षर चुकलं की ते अक्षर वळ होऊन दोन दिवस अंगावर राहायचं. अंघोळीला पाणी ओतताना कुठलं अक्षर झोंबतंय हे त्याला सांगता आलं असतं. आई दाराआड उभी राहून ‘‘पोट्ट्याले मारून टाकता का?’’ एवढंच म्हणायची. पण तारेवर एक खूण होती. एक आखूड, एक लांब, मग तीन आखूड: थांब. ती खूण आली की पलीकडचा कितीही मोठा साहेब असो, कितीही निकडीचा निरोप असो, हात उचलायचा. नानांना देवापेक्षा त्या खुणेचा धाक जास्त. एकदा उशीत तोंड खुपसून पडलेल्या नरहरीने, श्वास संपत आला तेव्हा, काय करतोय हे न कळता टाचेने फरशीवर ती खूण वाजवली होती. रूळ हवेतच थांबला. मग नानांनी रूळ खाली ठेवला, वाटीत खोबरेल कोमट केलं आणि त्याच्या पाठीला लावलं. त्याच संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन ते कीर्तनाला गेले आणि प्रल्हादाने नरसिंहाच्या रक्ताळल्या मांडीवर डोकं ठेवलं त्या जागी हमसून हमसून रडले. सकाळी मारणारे आणि संध्याकाळी रडणारे नाना एकच कसे, हे कोडं नरहरीने सोडवलं नाही. दरवर्षी तो झांजा घेऊन त्याच जागेची वाट बघत बसायचा, एवढंच.

‘‘अंकल, बंद करो.’’

अर्जुन समोर उभा होता. समोरच्याच घरातला, टेंट हाउसवाला. मांडव त्याचा, सतरंज्या त्याच्या, भोंगे त्याचे. त्याच्यामागे बायकांच्या बाजूला त्याची मीरा उठून उभी राहिली होती आणि तिने दोन्ही हातांनी पोट झाकलं होतं. पोटात काही नव्हतं. फाल्गुनात, सातव्या महिन्यात, मुलगी पोटातच गेली होती तिची, पण हात अजून तिथेच जात होते. अर्जुनने ते पाहिलं होतं. नरहरीनेही पाहिलं.

‘‘मैं बोला था ना अंकल, वो टावर निकालो. हाथ जोड़ के बोला था.’’

‘‘अर्जुन, मी तर इथे बसलो आहे. बघ ना, झांजा आहेत माझ्या हातात.’’

‘‘तो ऊपर कौन बजा रहा है? आपका भूत?’’

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आणि त्या हसण्याच्या क्षणी नरहरीला कळलं. बायको, लता, तर बायकांत बसली होती, पदराने वारा घेत. पोरगी, राधिका, डोकं दुखतं म्हणून घरी राहिली होती. राधिका! तिला लिपी येत नव्हती. तिला त्याने कधी शिकवली नव्हती. लहानपणी ती गच्चीवरच्या खोलीत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची, म्हणायची, ‘‘बाबा, मुझे भी सिखाओ ना,’’ आणि तिच्या त्या नाजूक मनगटाकडे बघताना त्याला स्वतःच्या तळहातात रूळ फिरल्यासारखा वाटायचा, गोल, गुळगुळीत, गरम. त्याने हात पाठीमागे नेला होता. ‘‘अभ्यास कर,’’ एवढंच म्हणाला होता. मारल्याशिवाय शिकवायचं कसं हे त्याला येत नव्हतं. आणि मारायचं नव्हतं. पोरगी मग दाराबाहेर बसायची. दाराबाहेर बसून, वर्षानुवर्षं, त्याच्याच हाताचं बोलणं ऐकत. म्हणजे लांब ठोक्यावर रेंगाळणारा हात नानांचा नव्हता, तो त्याचाच होता; त्याच्या अंगात नानांचा, आणि आता तिच्या. भर मांडवात, शंभर माणसं त्याच्याकडे दात खाऊन बघत असताना, त्याच्या पोटात आनंदाचा असा एक उमाळा आला की त्याला हसू फुटलं.

‘‘हँस रहे हो?’’ अर्जुन म्हणाला.

‘‘कोणी नाही वर,’’ नरहरी घाईने म्हणाला. ‘‘मशीन आहे ते. ऑटो. अपने आप चालते.’’

तिचं नाव यायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. थप्पड कानावर बसली. थपडेबरोबर भोंगे, पेटी, माणसं, सगळं एका खोल विहिरीत गेलं आणि आत फक्त एक बारीक शीळ उरली, बाराशे कोसांवरून येणाऱ्या स्टेशनासारखी. मग दुसरी बसली, ती कुणाची ते कळलं नाही. बाहेर ओढला गेला तेव्हा सदरा फाटला, झांज कुणाच्या तरी पायाखाली गेली. ‘‘देवाच्या कामात विघ्न आणते साला!’’ हा आवाज ओळखीचा होता, रोज सकाळी दूध घेताना भेटणारा. लाथ कमरेत आली. ‘‘भाऊ, अहो भाऊ, म्हातारा होऊन राहिला तो, सोडा,’’ असंही कुणी म्हणत होतं आणि म्हणता म्हणता त्याचाही हात येत होता. नरहरी कुशीवर पडला. त्याची टाच आपोआप हलायला लागली. तापलेल्या डांबरावर, एक आखूड, एक लांब, तीन आखूड. पुन्हा. पुन्हा. कुणीच थांबलं नाही. थांबणार कसे, त्यांना ती लिपी कुठे येत होती. आणि तरी त्याला राग आला तो त्या न थांबण्याचाच, लाथांचा नाही. वर कळ चालूच होती. प्रत्येक ठोक्याला भोंगा फुटत होता आणि प्रत्येक भोंग्याला गर्दीला नवा जोर येत होता. सत्यभामाबाई माईक टाकून ओरडत होत्या, ‘‘अरे, माणसं आहात का कोण आहात! माझ्या मांडवात?’’ पण भोंग्यांतून बाहेर येत होतं ते राधिकाचंच बोलणं.

ती काय करतेय हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आठवडाभर तोच ते घोकत होता ना! जगभरातल्या जास्तीत जास्त रेडिओवाल्यांना गाठायच्या, वर्षातल्या मोठ्या जागतिक स्पर्धेचा हा शेवटचा दिवस. तुझी खूण, माझी खूण, पुढचा. श्वास न घेता, शनिवारपासून. नवा रायपूरच्या सचिवालयात त्याचे दिवस अगदी उलटे जायचे. बस रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून जात राहायची, काचांच्या इमारतीत साहेब ‘‘रख दीजिए’’ म्हणायचे, आणि संध्याकाळी त्याच रिकाम्या रस्त्यांवरून परत येताना आपण दिवसभर कुणाशी बोललो का, हे आठवावं लागायचं. आणि इथे, पत्र्याच्या त्या खोलीत, नागपूरच्या एका निवृत्त माणसाकडून आणलेला जुना संच, तुळशीजवळ मीठ-कोळसा घालून पुरलेली अर्थिंगची तार, रेल्वेच्या भंगारातून नानांनी आणलेली पितळी कळ, आणि जग त्याच्या दाराशी धक्काबुक्की करत उभं. मेक्सिकोच्याही पलीकडे पॅसिफिकमध्ये एक बेट आहे. तिथे सूर्य उगवतो तेव्हा रायपुरात मावळतो, आणि उजेड-अंधाराच्या त्या कडेवरून तेवढाच वेळ तिथला आवाज इथे पोचतो. ते बेट मिळालं असतं तर देशात पहिला येण्याची आशा होती. पण तीच वेळ नरसिंहाची. ‘‘जाऊ दे,’’ तो दुपारी जेवताना लताला म्हणाला होता, ‘‘शब्द म्हणजे शब्द.’’ लता म्हणाली होती, ‘‘तुमचं बेट काही बुडून नाही राहिलं, पुढच्या साली घ्या.’’ आणि राधिका ताटात वरणभात कालवत राहिली होती, बोलली नव्हती. कानांवर हेडफोन चढवून, दार लावून, कूलरच्या घरघरीत, तिला खालचं काहीही ऐकू येत नसणार. बापासाठी बेट आणायला निघाली होती ती.

‘‘चलो, टावर गिराते हैं!’’ अर्जुन म्हणाला.

नरहरी उठला तेव्हा एक डोळा बंद झाला होता आणि जिभेवर गंजल्या खिळ्याची चव होती. अर्जुनने टेंटच्या गाडीतून तार कापायची लांब दांड्यांची कात्री घेतली होती. तो आणि चारपाच पोरं जिन्याने वर धावली होती. जिना अरुंद, एकाला एक घासत जाणारा. याच जिन्याने तीन उन्हाळ्यांमागे हीच पोरं पाईप घेऊन वर गेली होती, आणि पुढे हाच अर्जुन होता. मांडव ठोकणाऱ्या माणसाला उंच काही उभं करायचं कसब असतं. ‘‘ढील दो अंकल, ढील दो... हव, अब खींचो!’’ असं ओरडत त्यानेच खांब उभा केला होता, चारही तणाव्यांच्या तारा त्यानेच आवळल्या होत्या, आणि वर ॲल्युमिनियमची अँटेना सरळ झाल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, ‘‘तूफान में बाकी सब उड़ेगा अंकल, ये नहीं उड़ेगा.’’ मीराने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाठवला होता. फाल्गुनातल्या त्या गोष्टीनंतर तो एकदा आला, दारातच उभा राहिला, हात जोडून टावर काढा म्हणाला. नरहरीने त्याला आत बसवून लहरी, लांबी, शक्ती, सगळं समजावून सांगितलं. अशा यंत्राने पोटातल्या जिवाला काही होत नसतं, हेही, कागदावर आकृती काढून. अर्जुन आकृतीकडे बघत राहिला होता. त्याला रडायचं होतं आणि नरहरी त्याला गणित सांगत होता. हे आता, जिन्याच्या वळणावर, भिंतीला रक्ताचा पंजा लावून वर चढताना नरहरीला कळत होतं, आणि आता कळून काही उपयोग नव्हता.

गच्चीवर उजेड तांबडा होता. पत्र्याच्या खोलीचं दार बंद. खांब मधोमध, सरळ. अर्जुन चारही तारांकडे आळीपाळीने बघत उभा होता, कात्री खांद्यावर; मांडव ठोकणाऱ्या माणसाच्या नजरेने, कुठली सोडली तर काय कुठे जाईल. मग तो गल्लीच्या बाजूच्या तारेकडे गेला. नरहरीला त्याचा विचार दिसला. खाली गल्लीत बाया-पोरं होती, मीरा होती. त्यांच्यावर पडायला नको म्हणून तो ही तार कापत होता. ही कापली की खांब उलट्या बाजूला जाणार. उलट्या बाजूला पत्र्याची खोली.

‘‘अर्जुन! नको! आत पोरगी आहे माझी. राधिका आहे आत!’’

‘‘अभी तो ऑटो था.’’

‘‘खोटं बोललो मी. देवाशपथ. अंदर है वो, हेडफोन लावून बसली आहे. पत्रा आहे नुसता, अर्जुन, मरेल ती!’’

अर्जुनने वळून पाहिलं. त्याचा चेहरा शांत होता, फार शांत, मांडवात मारताना होता त्याहून कितीतरी. ‘‘मेरी भी अंदर ही थी, अंकल,’’ तो म्हणाला. आणि कात्रीचा जबडा तारेवर बसवला.

अँटेना हाताने फिरवायची म्हणून खांबाच्या बुडाशी पाइपपाना कायमचा अडकवलेला असायचा. तो नरहरीच्या हातात कधी आला ते त्याला आठवत नाही. हातात आला तेव्हा तो गोल होता, गुळगुळीत, गरम, हाताच्या तेलाने काळा. पहिला घाव मनगटावर बसला आणि ओला बांबू मोडल्यासारखा आवाज झाला. कात्री पडली. तार तशीच होती, ताठ. खांब उभा होता. एवढ्यावर सगळं संपलं होतं, राधिका वाचली होती, आणि हे नरहरीला माहीत होतं. त्याच्या आतला एक माणूस बाजूला उभा राहून झालं, झालं, म्हणत होता. पण हात खाली आला तो पुन्हा वर गेला. खांद्यावर. पुन्हा. अर्जुन गुडघ्यांवर आला, मग पालथा. ‘‘अंकल,’’ तो म्हणाला, मग ‘‘बाबू,’’ म्हणाला, आपल्या बापाला. पाठीवर. लांब. घामाने आणि कसल्याशा ओल्याने मूठ सटकत होती, ती नरहरीने घट्ट केली. पोरं कठड्याशी सरकली होती, ज्यांनी खाली त्याला तुडवलं होतं तीच, आणि त्यांच्या डोळ्यांत तो कसा दिसत होता हे त्याला दिसत होतं; दात विचकलेला, फाटक्या सदऱ्यातून छाती धपापणारा, एक डोळा मिटलेला, कुणी नवीनच. त्याला बरं वाटत होतं. हे सगळ्यात भयंकर होतं, की त्याला बरं वाटत होतं. चाळीस वर्षं पाठीत साठलेलं हातातून बाहेर निघत होतं आणि मोकळं, मोकळं होत होतं. तीन आखूड, एक लांब. त्याने ते ऐकलं. दोन आखूड, एक लांब. तो आपलं नाव सांगत होता. एका माणसाच्या पाठीवर तो आपलं नाव वाजवत होता.

लता जिन्याच्या तोंडाशी आली. ‘‘अहो...’’ म्हणाली. पाऊल टाकायला गेली नि मागे झाली. मीरा तिच्यामागे होती. सत्यभामाबाई धापा टाकत शेवटच्या पायरीवर आल्या, हातात अजून चिपळ्या, कपाळावरचा बुक्का घामाने ओघळलेला. आयुष्यभर त्यांनी हे आख्यान लावलं होतं, सिंहाच्या नखांवर माणसं डोलवली होती. आता त्या पायरीवरून त्यांनी तोंडावर पदर धरला. कुणी जवळ आलं नाही. येण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

पत्र्याचं दार मागे उघडलं ते नरहरीला कळलं नाही. कूलरची घरघर एकदम मोठी झाली, एवढंच. पाना वर गेलेला होता. आणि त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे लांब ठोके पडायचे नेमक्या त्या जागी, काहीतरी टेकलं. त्याचं सगळं अंग घावाच्या अपेक्षेने आकसलं. घाव आला नाही. बोटं होती ती, दोन, गार. एक आखूड. मग एक लांब, जरा जास्तच रेंगाळलेला. तीन आखूड.

हात हवेतच राहिला.

पुन्हा. एक आखूड, एक लांब, तीन आखूड. राधिका रडत होती. तिचा हुंदका मध्येच आला आणि चौथा ठोका जादा पडला, चुकला, आणि तिने तो पुसल्यासारखा तळवा त्याच्या पाठीवरून फिरवला आणि पहिल्यापासून सुरू केलं. ‘‘बाबा,’’ ती म्हणाली नाही. फक्त तेच, पुन्हा पुन्हा, वळांच्या जुन्या रस्त्यावरून. नरहरीची मूठ उघडली. पाना गच्चीवर पडला आणि त्याचा दणका खाली भोंग्यात गेला नाही, गल्लीत कुणालाच ऐकू गेला नाही.

मग तो खाली बसला. अर्जुन पालथा होता, मनगट भलत्याच बाजूला वळलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. श्वास येत होता, अडखळत, तोंडाशी लाल फुगे धरत. ‘‘गाडी बोलवा!’’ लताला आता आवाज फुटला, ‘‘अरे, बघता काय, गाडी बोलवा कोणी!’’ आणि कठड्याशी गोठलेली पोरं एकदम जिन्याकडे पळाली. मीरा नवऱ्याच्या डोक्याशी येऊन बसली. तिने नरहरीकडे पाहिलं. हाकललं नाही, क्षमाही केली नाही. तिचे हात मात्र पोटावर नव्हते, अर्जुनच्या केसांत होते. खाली लोकांत पोलीस हा शब्द फिरत होता. राधिकाच्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधून किरटा, मुंगीएवढा आवाज येत होता. पलीकडे, जिथे नुकतं उजाडलं होतं, तिथलं कुणीतरी अजून विचारत होतं, आहेस का, आहेस का? राधिकाने हेडफोन मुठीत दाबून धरला.

नरहरीने उजवा हात पुढे केला. मीरा दचकली, पण तिने अडवलं नाही. अर्जुनच्या पाठीवर जिथे शर्ट कोरडा होता तेवढी जागा त्याने शोधली आणि दोन बोटं टेकवली. असं त्याने कधी केलं नव्हतं. इतकं हलकं कसं वाजवायचं हे बोटांना माहीत नव्हतं, ती चाचपडत होती. एक आखूड. एक लांब. तीन आखूड. कुणाला सांगत होता, वाहणाऱ्या रक्ताला, की त्या श्वासाला, की आत जो निघाला असेल त्याला, ते त्याला कळत नव्हतं. सत्यभामाबाई पायरीवरच बसल्या होत्या. अंधार पडत होता, वेळ झाली होती. त्यांनी चिपळ्या बाजूला ठेवल्या आणि माईक नाही, पेटी नाही, अशा फुटक्या आवाजात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. खाली मांडवातून एक म्हातारा आवाज त्यात मिसळला, मग आणखी एक. नरहरीची बोटं थांबली नाहीत. थांब, ती म्हणत होती. थांब, बाळा. थांब.